मदत हवी आहे: वजन ठीक, पण उंची कमी, हे कुपोषण समजावे का?

माझी भाची अडीच वर्षांची असून तिची उंची ८२ सेंमी, वजन साडेदहा किलो आणि दंडाचा घेर १४.२ सेंमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार उंचीच्या मानाने वजन योग्य आहे, दंडाचा घेरही १२.५ सेंमीच्या वर आहे. मात्र वयाच्या मानाने उंची उणे दोन प्रमाण विचलनाच्या (सरासरीहून बरीच कमी अशी तक्त्यातील मर्यादा) खाली जाते, म्हणजे ती खुजेपणाच्या गटात मोडते. अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उंची पुन्हा मोजली, तरी आकडा तोच आला. जन्म पूर्ण दिवसांचा, आईवडिलांची उंची सरासरी, पायांवर सूज नाही, वारंवार जुलाबही होत नाहीत. हाडकुळी नसल्यामुळे घरचे निश्चिंत आहेत. मला ते पटत नाही, कारण खुजेपणा हाही कुपोषणाचाच प्रकार आहे. नुसते खाणे वाढवल्यास उंचीऐवजी वजनच वाढेल, अशीही काळजी वाटते. बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, त्यामुळे औषधे सुचवू नयेत. जाणकारांनी कृपया एवढेच सांगावे: अशा वेळी आहारातील कमतरता आणि थायरॉईड किंवा अन्नघटकांच्या शोषणातील दोष यांत फरक करण्यासाठी डॉक्टरांना कोणत्या तपासण्यांविषयी विचारावे, आणि मागील कोणत्या नोंदी सोबत न्याव्यात?