पद्मिनी सकाळी तीन सिलिंडरवर चालते, घाटात मिसिंग मारते (मध्येच ठिणगी चुकते): करंट नेमका कुठे गळतोय?

देवगडकर_पद्मिनी:
नमस्कार मंडळी. प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, पेट्रोल, मूळचा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा; पॉइंट म्हणजे त्यातली करंट जोडणारी-तोडणारी टोकं). गाडी खाडीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. रात्री पाऊस पडून गेला की सकाळी स्टार्ट पटकन होते, पण स्लोला थरथरते आणि सायलेन्सरमधून फट् फट् येतं. दहा मिनिटांत बरीच सुधारते. करूळ घाटात मात्र तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झटके. पाय जरा उचलला की सुरळीत. प्लग काढून बघितले: १, २, ४ फिकट तपकिरी, ३ नंबर काळा आणि पेट्रोलने ओला. प्लग आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा) नवीन आहेत. गॅरेजमध्ये सांगतात कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी) बदला, नाहीतर कार्बोरेटरचं किट टाका. मल्टीमीटर आणि फिलर गेज हाताशी आहे. सुरुवात कुठून करू?

रत्नागिरी_ऑटोइलेक्ट्रिक:
कॉइल मागवू नका. कॉइल, कंडेन्सर, कार्बोरेटर हे चारही सिलिंडरचं सामाईक सामान. ते बिघडलं तर चारही प्लग तक्रार करतील. तुमचा एकटा ३ नंबर ओला आहे, म्हणजे दोष रोटरच्या (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता वाटप्या) पुढे: कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण), ३ ची वायर, प्लग, किंवा खुद्द सिलिंडर.

घाटातच का मारते? पूर्ण ॲक्सिलरेटरला सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो आणि प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढं व्होल्टेज चढलं की करंट गॅप सोडून सोपी वाट धरतो, म्हणजे कॅपवरची ओल किंवा चिरलेली वायर. आपल्याकडे त्यात खारं वारं. कॅपवर मिठाचा पातळ थर बसतो आणि तो हवेतली ओल खेचून धरतो. म्हणून बाहेरून कोरडी दिसणारी कॅपसुद्धा गळते.

आधी १ आणि ३ चे प्लग अदलाबदल करा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, तेव्हा इंजिन थंड असतानाच, आणि सुरुवातीचे आटे हातानेच बसवायचे. मिसिंग १ वर गेलं तर प्लग खराब. नवा प्लगही कधी हातातून पडून चीर गेलेला निघतो. ३ वरच राहिलं तर वायर आणि कॅप बघा.

मग रात्री, सगळे दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि वायरी, कॅप, प्लगची टोपणं यांवर स्प्रेच्या बाटलीने अगदी हलकं पाणी मारा. जिथे गळतं तिथे निळसर ठिणगी नाचताना दिसते, बारीक चिट् चिट् ऐकू येतं. हात, बाह्या फॅनपासून लांब ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे करूच नका.

एक चूक टाळा: चालू इंजिनात प्लगची वायर काढून हवेत लोंबकळत ठेवायची नाही. व्होल्टेजला वाट मिळाली नाही की ते कॉइलचं इन्सुलेशन किंवा रोटर फोडून वाट काढतं. वायर काढायचीच तर जुना प्लग टोपणात घालून इंजिनाला टेकवा.

वेंगुर्ले_जुन्या_गाड्या:
वरच्यात भर. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे ३ आणि ४ शेजारी शेजारी आणि लागोपाठ पेटणारे. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर गेल्या असतील तर एकीचा करंट दुसरीत उतरतो. क्लिपमध्ये दोघींत निदान बोटभर अंतर ठेवा.

वायरीचा ओहम मोजताना ती वाकवत, हलवत मोजा. कार्बनची वायर लांबीप्रमाणे काही हजार ओहम दाखवते, तांब्याची जवळपास शून्य.

हे सगळं ठीक निघालं तरी ३ ओलाच राहिला, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. पण गरम झाल्यावर सुधारतंय, त्यामुळे मला तरी ओलच वाटते.

देवगडकर_पद्मिनी:
तपासलं. प्लग बदलूनही मिसिंग ३ वरच. अंधारात ३ ची वायर क्लिपमध्ये ४ ला टेकते तिथे ठिणगी दिसते. ३ ची वायर हलवली की मीटर ७ हजार ओहमवरून एकदम ओपन (आतून तुटलेली) दाखवतो. कॅपच्या आत ३ आणि ४ च्या पितळी टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ आहे. ती पॉलिश पेपरने घासून काढू का? बॅटरी १२.४ व्होल्ट, पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्लसला ११.१. कॉइलची प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी) ३.१ ओहम.

रत्नागिरी_ऑटोइलेक्ट्रिक:
रेघ घासू नका. ठिणगीच्या आचेने बेकेलाइट जळून कार्बन झालाय, तो वरवर नाही, आतपर्यंत मुरलेला असतो. घासलेल्या खरखरीत जागी ओल अजून धरते आणि चार दिवसांत रेघ परत उमटते. कॅप आणि रोटर नवीन, वायरींचा पूर्ण सेट नवीन. नवी कॅप बसवण्याआधी मधला कार्बनचा खुंटा स्प्रिंगवर मोकळा दबतोय ना, ते बोटाने दाबून बघा.

रोटर गळतोय का याची जुनी परीक्षा: कॅप काढा, कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीने धरून रोटरच्या पितळी पट्टीपासून ५-६ मिमीवर धरा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. पट्टीवर ठिणगी सतत उडाली तर रोटर खालून शाफ्टला करंट देतोय.

कॉइलचे ३.१ ओहम उत्तम आहेत, कॉइल ठीक. पण १.३ व्होल्टची घट फार झाली, अर्ध्या व्होल्टच्या आत हवी. करंट दहा टक्के कमी झाला की ठिणगीची ताकद सुमारे वीस टक्के घटते, कारण ती करंटच्या वर्गाप्रमाणे चालते. एकट्या ३ चं दुखणं यातून आलेलं नाही, पण गळकी वाट असताना कमजोर ठिणगी घाटात आधी दगा देते. मीटरची लाल तार बॅटरीच्या प्लसला ठेवा आणि काळी कॉइलपासून मागे एकेका जोडावर सरकवत न्या. जिथे आकडा एकदम पडतो, त्याच्या अलीकडचाच, म्हणजे कॉइलच्या बाजूचा, जोड हिरवा पडलेला असतो. बहुधा इग्निशन स्विचचे लग (वायरींची टोकं).

वेंगुर्ले_जुन्या_गाड्या:
डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर पॉइंटही बघा. हील (पॉइंटचा घासणारा पाय) कॅमच्या (शाफ्टवरचा चार उंचवट्यांचा भाग) सर्वांत उंच जागी आणून गॅप मोजायचा. लुकास पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर असेल तर ०.३५ ते ०.४० मिमी, मारेलीला ०.४२ ते ०.४८. कॅमच्या चारही उंचवट्यांवर मोजा. एका उंचवट्यावर आकडा वेगळा आला तर कॅम झिजलाय किंवा शाफ्टच्या बुशात खेळ आहे, आणि मग गॅप कितीही लावा, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) टिकत नाही. ड्वेल एक अंशाने बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) जवळपास तेवढंच हलतं, म्हणून गॅपनंतर टायमिंग लाइट लावायचाच. आधी गॅप, मग टायमिंग.

पॉइंटच्या पाटीची गुंफलेली बारीक अर्थिंग तार तुटत आलीय का बघा. ती ॲडव्हान्सबरोबर (ठिणगी आधी पाडण्यासाठी पाटी सरकते तेव्हा) रोज हलते.

नव्या कंडेन्सरवर डोळे झाकून विश्वास नको, मीटरवर ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड यायला हवा. पॉइंट उघडताना पांढरी मोठी ठिणगी दिसली तर तो गेला समजा.

बसवताना प्रत्येक रबरी टोपणाच्या आत सिलिकॉन ग्रीसचं पातळ बोट फिरवा. पॉइंटवर मात्र ग्रीसचा थेंबही नको, फक्त कॅमवर मसुराएवढं. आणि शेडमध्ये गाडीवर प्लास्टिकचा कागद घालत असाल तर काढा. खालची ओल आतच कोंडते. कापडी कव्हर घाला, आणि सलग पाऊस असेल तेव्हा दोन-तीन दिवसांआड पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा.