मदत हवी आहे: बाबांचा पॉलिप दुर्बिणीतून काढावा की ऑपरेशन करावं?

दिग्रसकर: बाबांच्या मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, निघाला. नागपूरचे डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतूनच निघेल. इकडचे सर्जन म्हणतात सरळ ऑपरेशन करा. सोयाबीन सोंगणीवर आलं आहे, लवकर ठरवायचं आहे. कोणाचं ऐकावं? सांगा राजेहो.

वऱ्हाडी_भाऊ: केवढा आहे, आतड्यात कुठे आहे, बायॉप्सीत (तुकडा तपासला त्यात) काय आलं, बाबांचं वय किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मोर्शीवाला: माझ्या मामांचा दुर्बिणीतून काढला, संध्याकाळी घरी. आता संत्र्याच्या बागेत फिरतात. ऑपरेशनच्या नादी लागू नका.

कारंजेकर: सगळ्यांना एकच माप लावू नका. माझ्या सासऱ्यांचाही तसाच काढला, पण रिपोर्टमध्ये कॅन्सर खोल गेलेला निघाला. शेवटी आतड्याचा तेवढा भाग कापावाच लागला. मामांचा केवढा होता?

मोर्शीवाला: वाटाण्याएवढा. म्हणून काय सगळ्यांनी आधीच पोट फाडून घ्यायचं?

गावरान: मूळव्याधीवर सुरणाची भाजी आणि ताक द्या. आमच्या घरी फरक पडला.

वऱ्हाडी_भाऊ: मूळव्याधीचं कोणी विचारलंच नाही, दादा.

दिग्रसकर: वय 68. 25 मिमी, चपटा, सिग्मॉइडमध्ये (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या भागात). बायॉप्सीत हाय ग्रेड डिस्प्लेसिया (पेशी खूप बदललेल्या), कॅन्सर लिहिलेला नाही. संक्रांतीच्या सुमारास हृदयात स्टेंट टाकला, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेलची गोळी सुरू आहे. सर्जन म्हणतात परत एकदा तुकडा घेऊ.

सिस्टर_वर्धा: स्टेंटचं पहिल्यांदाच लिहायला हवं होतं! गोळी मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

मी एंडोस्कोपी रूममध्ये काम करते. परत तुकडा कशासाठी, ते आधी नागपूरच्या डॉक्टरांना विचारा. तुकडा घेतलेली जागा आतून आवळते, मग काढताना तो वर यावा म्हणून खाली सलाइन टोचलं तरी पॉलिप नीट उचलला जात नाही. कॅन्सर खाली रुतला असेल तरीही तो उचलला जात नाही, मग नेमकं कारण कळत नाही.

नुसत्या आकारावर ठरत नाही. एनबीआयच्या (दुर्बिणीतल्या खास निळ्या-हिरव्या) उजेडात वरची नक्षी आणि बारीक रक्तवाहिन्या बघतात. मधे खळगा आणि नक्षी पुसलेली दिसली की खोल गेल्याचा संशय, तो पेशंट सर्जनकडे. नक्षी शाबूत असेल तर दुर्बीण. पण 20 मिमीच्या वरचा पॉलिप दुर्बिणीतल्या तारेच्या फासात अख्खा येणं कठीण, आणि तुकड्यांनी काढला तर पॅथॉलॉजीला खोली आणि कडा नीट सांगता येत नाहीत. वरवरच्या कॅन्सरची शंका असेल तर ईएसडीने, म्हणजे दुर्बिणीतूनच बारीक सुरीने, अख्खा सोलून काढतात. त्यात कॅन्सर निघालाच, पण अस्तराखाली 1 मिमीच्या आतच गेलेला, कडा मोकळ्या, पेशी कमी आक्रमक प्रकारच्या आणि रक्तवाहिन्यांत शिरलेल्या नाहीत, तर बहुधा तेवढ्यावर भागतं. तुकड्यांनी काढला तर साधारण 6 महिन्यांनी परत तपासणी. बाबा येतील ना?

दिग्रसकर: आणतो, ताई. सोयाबीन घरी येईपर्यंत थांबलं तर चालेल? महात्मा फुले योजनेत बसते का?

सिस्टर_वर्धा: दोन-तीन आठवड्यांनी सहसा बिघडत नाही, पण तारीख आजच घेऊन ठेवा. योजनेचं हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार, बायॉप्सीचा रिपोर्ट आणि कोलोनोस्कोपीचे रंगीत फोटो सोबत न्या. फोटो विसरू नका.