साडेचार हजारांचा हायलँडर की चितार ओळीतला मावळा?

बर्डीचा बुरूज (धागाकर्ता)

धातूचे छोटे सैनिक बनवणाऱ्या कंपन्यांच्या नव्या वर्षाच्या याद्या पाहून झाल्या. हाँगकाँगची, इंग्लंडची, अमेरिकेची, सगळीच मोठी नावं चाळली. तेच वॉटर्लू, तेच नॉर्मंडी, तेच जर्मन रणगाडे. मधूनच चवीपुरता एखादा हायलँडर, म्हणजे स्कॉटिश शिपाई. आणि आपण नागपुरात ‘प्री-ऑर्डर कधी उघडते’ म्हणून रात्री दीडपर्यंत मोबाइल घेऊन जागे.

मी पंधरा वर्षं हेच केलं, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. गेल्या महिन्यात ७८व्या हायलँडर पलटणीचा एक शिपाई मागवला. साठ मिलिमीटर, व्हाइट मेटल, मॅट रंग. साडेचार हजार रुपये, वर पोस्टेज, वर कस्टम. फोम काढला तर संगीन वाकलेली. ते एक वेळ जाऊ द्या, चिमट्याने सरळ केली. काम मात्र नजर खिळवणारं आहे. मोज्यांवरची लाल-पांढरी चौकट भिंगाखाली पाहिली, एकही रेघ घसरलेली नाही.

पण शेल्फवर ठेवला आणि लक्षात आलं, याच्यासमोर उभं करायला आपल्याकडे कोणीच नाही! इंग्रजांची ही पलटण २३ सप्टेंबर १८०३ ला असईला मराठ्यांशी लढली, २९ नोव्हेंबरला अडगावला. अडगावला समोर नागपूरकर भोसल्यांची फौज होती. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. लढाई आपल्या वऱ्हाडात, आणि माझ्या कपाटात नुसते पाहुणे.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. एक वर्ष या याद्यांना हात लावू नका. तोच पैसा चितार ओळीत, आपल्या नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीत न्या. सणांचे दिवस संपले की तिथल्या हातांना सवड असते. आपली फौज आपल्या गावात घडवून घेऊ.

गाविलगडचा गडकरी

साफ अमान्य.

चितार ओळीतला मावळा कधी हातात घेऊन नीट पाहिलाय का? मुठीला आरपार भोक, त्यात खराट्याची काडी खोचली की झाला भालदार. काडी काढली की द्वारपाल. पन्नास मावळ्यांचा चेहरा एकाच साच्यातला, मिशीसुद्धा एकाच झटक्यात ओढलेली. दिवाळीच्या किल्ल्यावर तो शोभतो, माझाही जीव आहे त्याच्यावर. पण तो अडगावचा सैनिक नव्हे. शिवकाळ आणि १८०३ यांच्यात सव्वाशे वर्षं गेली. भोसल्यांकडे तेव्हा अरब होते, कवायती पायदळ होतं, तोफखाना होता. स्वतःच्या घोड्यावर येणारा शिलेदार वेगळा, सरकारी घोड्यावरचा बारगीर वेगळा. या सगळ्यांना एकच पगडी आणि एकच अंगरखा घालून ‘आपली फौज’ म्हणायचं?

परदेशी कंपनी साडेचार हजार घेते ते धातूचे नाहीत. मूर्तिकार मूळ घडवतो, साचे होतात, मग एकेक नग हाताने रंगवला जातो. बटणं किती, पट्टा कोणत्या खांद्यावरून, हे कोणीतरी बसून तपासलेलं असतं. त्याचे पैसे आहेत ते.

बर्डीचा बुरूज

तपासलेलं म्हणे! काही वर्षांपूर्वी मी एका परदेशी कंपनीचा ‘मराठा घोडेस्वार’ घेतला होता. पगडी थेट राजस्थानी, पायांत टोकदार मोजड्या, आणि तलवार उजव्या कमरेला. डावखुरा असेल म्हणून सोडून दिलं. इंग्रजांचं बटण मोजतात, आपल्या वेळी ‘पूर्वेकडचा कोणीतरी’ चालून जातो. तुमचा मुद्दा खरा असता तर माझी तक्रारच उरली नसती.

इतवारीकर

काऊन भांडून राहिले राजेहो? मी सांगतो सरळ हिशेब. माल मर्यादित निघते, कंपनी तो सेट बंद करते, मंग भाव चढते. मी दोन सेट खोके न उघडता ठेवले होते, पुण्याच्या एका माणसाले इकले अन् पोट्टीची कॉलेजची फी भरली. मातीचा मावळा घेऊन कोणती फी भरता तुम्ही?

एक मात्र ध्यानात ठेवा. खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७० झाली. अन् पेटी उघडणाऱ्याले तुम्ही किती बी सांगा का साहेब हे संग्रहाचं आहे, तो एक डाव पाहते अन् म्हणते, ‘बाहुलं आहे ना?’

गाविलगडचा गडकरी

इतवारीकर भाऊ, खोकं न उघडता ठेवायचं असेल तर आत शिपाई असला काय नि साबणाची वडी असली काय.

दोन पोरांची आई

तुम्हा मंडळींच्या शेल्फाखाली मुलं राहतात, हे कोणी लक्षात घेतलं का? माझ्या माहेरी आजोबांचे जुने इंग्रजी शिपाई होते. आतून पोकळ, शिशाचे. विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ मध्ये ती युक्ती काढली: वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, भिंतीला पातळ थर धरला की उरलेलं परत ओतून घ्यायचं. धातू कमी लागायचा, शिपाई स्वस्त व्हायचा, आणि भरीव जर्मन शिपायांचा बाजार त्यातूनच बसला. आम्ही बहिणी ते तोंडात घालायचो. शिशाच्या खेळण्यांवर इंग्लंडमध्ये बंदी आली तेव्हा १९६६ उजाडलं होतं.

आज त्यांतले अर्धे बंद लाकडी कपाटात पांढरी भुकटी होऊन बसलेत. लाकडातून आम्लाची वाफ निघते, ती शिशाला खाते. तेव्हा कोणाकडे जुने असतील तर काचेच्या, हवेशीर कपाटात हलवा आणि ती भुकटी उघड्या हाताने झाडू नका.

मूळ मुद्द्यावर माझं मत बुरूजभाऊंच्या बाजूने, फक्त माती नको. माझ्या धाकट्याने मावळ्यांच्या अख्ख्या तुकडीचं दोन दिवसांत पुन्हा शाडू केलं. तान्ह्या पोळ्याला मुलं ओढतात ते लाकडी बैल करणारे कारागीर आपल्याकडे आहेत ना? आमच्या सासरचा नंदी चौथी पिढी ओढतेय, एक शिंग सोडलं तर शाबूत आहे. ज्या हाताला बैलाची मान साधते त्याला घोडा का साधणार नाही?

बर्डीचा बुरूज

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घोडे लाकडाचे, स्वार धातूचे… विचार करतो.

रंगाचा डबा

लाकडात घोडा होईल, पण ५४ मिलिमीटरमध्ये त्याचा मागचा पाय काडीएवढा निघतो आणि लाकडाची रेषा आडवी गेली की तुटतो. आधी माप ठरवा. माणसाची उंची ५४ म्हणजे प्रमाण १:३२, बुरूज काकांचा हायलँडर साठचा, म्हणजे १:३०. दोघे शेजारी ठेवले तर आपला शिलेदार त्यांच्या शिपायाचा धाकटा भाऊ दिसेल. हे ठरवल्याशिवाय माती, लाकूड, धातू हा वादच फुकाचा.

मी थ्री-डी प्रिंट करतो. कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायची, रेझिनमध्ये काढायची. चेहरा प्रत्येकाचा वेगळा, पगडी हवी तशी, भोकाची मूठ नको. पहिला अरब बंदूकवाला मार्चमध्ये काढला, खूष होतो. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवला आणि पंधरा दिवसांत त्याची बंदूक धनुष्यासारखी वाकली. नागपूरचा मे आहे तो. तेव्हापासून लांब नळी आणि भाले पितळी तारेचे घालतो, धड रेझिनचं. तार सुईने भोक पाडून बसवायची, चिकटवून चालत नाही.

दुपारी एकाने खाजगीत विचारलं, हायलँडरचं धड रबराच्या साच्यात उचलून त्यावर आपलं डोकं बसवलं तर? नाही. ती चोरी आहे. ज्याच्या कामाला आपण वर नावं ठेवतोय त्याच्याच अंगावर आपलं डोकं लावायचं? त्यापेक्षा खराट्याची काडी बरी.

गाविलगडचा गडकरी

डब्या, तुझ्या प्रिंटला माझी ना नाही. पण पोशाख कुठून आणणार? मूर्ती बनवणं सोपं आहे रे, काय बनवायचं ते ठरवणं कठीण. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या संग्रहालयात जाऊन शस्त्रं डोळ्यांनी पाहता येतील, पण तलवार दिसली म्हणून ती कमरेला कशी बांधायचे हे कळत नाही.

कामठीचा सुभेदार

सकाळपासून वाचतोय. मीही रंगवतो, डोळे साथ देतात तोवर.

बुरूजभाऊ, तुमचं ‘आपले’ आणि ‘पाहुणे’ मला खटकलं. सीताबर्डीची लढाई घ्या, तुमच्याच नावातली. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. आप्पासाहेब भोसल्यांची फौज सुमारे १८,००० आणि टेकड्यांवर इंग्रजांचे दीड हजारही नाहीत. पण ते ‘इंग्रज’ कोण होते? मद्रासची २०वी आणि २४वी पलटण आणि बंगालचं रिसाल्याचं पथक. गोरे मोजके, बाकी आपलेच शिपाई. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली तेव्हा तिच्यावर उभे असलेले तेच, आणि नंतर परत चढले तेही तेच. समोरचे अरब तर समुद्रापलीकडून आलेले! आता सांगा, पाहुणा कोणता?

त्या २४व्या पलटणीची गोष्ट तर एका डायोरामाची, छोट्या सैनिकांच्या देखाव्याची आहे. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडामुळे तिचा जुना नंबर काढून घेतला होता. सीताबर्डीनंतर तो परत मिळाला. नंबर! बाहेरच्यांना हसू येईल, फौजेतल्याला नाही येणार.

मला कोणी लाल डगल्यातला मद्रासी शिपाई करून दिला, हायलँडरइतक्याच मायेने, तर मी साडेचार हजार देईन. तो बर्डीत बनला की बर्मिंगहॅमला, हे विचारणार नाही.

इतवारीकर

साहेबांनी सगळ्यांचाच पोपट केला.

बर्डीचा बुरूज

सुभेदार साहेब, ‘पाहुणे’ मागे घेतो. याद्यांवरचा राग मागे घेत नाही. तुमचा मद्रासी शिपाईही मला यंदाच्या एकाही यादीत दिसलेला नाही. म्हणजे दोन्ही बाजू इथेच कराव्या लागणार. डब्या, ५४ च धर. माझा हायलँडर राहील बाजूला उभा, त्याची तशीही सीताबर्डीशी ओळख नाही.

गाविलगडचा गडकरी

माझी प्री-ऑर्डर दिलेली आहे, ती मी रद्द करणार नाही. पण २४व्या पलटणीच्या डगल्याच्या कॉलरचा रंग कोणता, हे लेखी पुराव्यासह कोणी दिलं तर पहिल्या दहा शिपायांचा खर्च माझा. ‘बहुतेक हिरवा असावा’ छाप उत्तर चालणार नाही.

कामठीचा सुभेदार

कॉलरचं मी पाहतो. तोवर २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात, सकाळी लवकर या, नंतर रांग लागते. छोट्या टेकडीकडून मोठीवर किती चढ आहे ते एकदा पायाने मोजा, म्हणजे डायोरामाचा उतार कागदावरून काढायला नको.

रंगाचा डबा

येतो. अरबाची बंदूक सरळ करून आणतो.