मदत हवी आहे: पीसी मध्येच रिस्टार्ट होतो, मदरबोर्ड गेला का? रविवारी आरत्या द्यायच्या आहेत

कुळागर · बुधवार, रात्री ११:४२

नमस्कार. घरी स्वतः जोडलेला पीसी आहे, तीन वर्षं कधी कुरकूर नाही. गेल्या आठवड्यापासून काम करता करता एकदम काळी स्क्रीन आणि रिस्टार्ट. कधी वीस मिनिटांत, कधी दोन तासांनी. दोनदा निळी स्क्रीन आली. अधूनमधून बटण दाबलं की पंखे फिरतात पण डिस्प्ले येतच नाही, तीन-चार वेळा बंद-चालू केलं की येतो. विंडोज नवीन टाकून झालं, काही फरक नाही. दुकानदार फोनवरच म्हणाला, मदरबोर्ड गेला, नवा घ्या.

चवथीत (गणेशोत्सवात) आमच्या वाड्यावरच्या पाच पथकांच्या घुमट आरत्या (घुमट म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं वाद्य) शूट केल्यात, तीन कॅमेऱ्यांनी. रविवारी मंडळाला द्यायच्या आहेत, शब्द दिलाय. बोर्ड घेऊ की नको एवढंच सांगा. उद्या सकाळी एकजण म्हापशाला जातोय, त्याच्याकडे पैसे द्यावे लागतील.

जुनाहात · ११:५८

पैसे देऊ नकोस. फोनवरून बोर्ड गेल्याचं कोणालाच कळत नाही. आधी सांग: बोर्ड कुठला, प्रोसेसर कुठला, रॅमच्या पट्ट्या किती, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) किती वॉटचा आणि किती जुना, निळ्या स्क्रीनवर काय लिहिलं होतं? बोर्डवर सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतील तर डिस्प्ले येत नाही तेव्हा कुठला पेटून राहतो?

मांडवीकाठ · गुरुवार, ००:१०

दमट हवा, दुसरं काही नाही. पावसाळ्यात माझाही असाच करायचा. रॅमच्या पट्ट्या काढ, सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबराने घास, परत बसव. दहा मिनिटांचं काम. मी दर जूनमध्ये करतो.

सुरंगी · ००:२२

खोडरबर नको हो. त्या टोकांवर सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, दरवर्षी घासला तर खालचा निकेल उघडा पडतो आणि मग खऱ्या अर्थाने गंज धरतो. शिवाय रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती कापड, एवढं पुरतं.

मांडवीकाठ · ००:२५

वीस वर्षं खोडरबर वापरतोय, एक पट्टी मेली नाही.

कुळागर · ००:३१

रॅम पुसून झाली आहे, दोनदा. बी४५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, रायझन ५ ५६००, ३२ जीबी, ५५० वॉट. कंपन्यांची नावं इथे लिहीत नाही. निळ्या स्क्रीनचा फोटो नाही काढला, पटकन गेली. दिवा डीरॅमचा पेटतो.

जुनाहात · ००:४०

आता कामाचं बोललास. ३२ म्हणजे सोळाच्या दोन की आठच्या चार? एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू आहे का? आणि गेल्या आठवड्यात नेमकं काय बदललं?

रेंडरगडी · ००:४४

भावा, घुमट आरत्यांसाठी कोणतं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरतोस? तीन कॅमेरे असतील तर प्रॉक्सी फाइल्स (हलक्या प्रती) करून घे, टाइमलाइन एकदम हलकी होते. आणि ग्राफिक्स कार्ड आठ जीबीचं घे, चार जीबी आता पुरत नाही.

कुळागर · ००:४७

आठच्या चार. दोन जुन्या, दोन गेल्या वर्षी घेतल्या, वर्षभर नीट चालल्या. एक्सएमपी ३२०० वर. बदललं काहीच नाही. सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही माझा.

वॉल्टबाब · सकाळी ६:५५

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघड, सिस्टम लॉगमध्ये लाल खुणा बघ. कर्नल पॉवर ४१ दिसला की एसएमपीएस गेला समज.

कुळागर · ७:२०

आहे. बारा वेळा कर्नल पॉवर ४१. म्हणजे बोर्ड नाही, एसएमपीएस मागवू का? माणूस साडेआठला निघतो.

सुरंगी · ७:३१

थांबा. ४१ चा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. तुम्ही स्वतः वायर उपटली तरी ४१ च नोंदला जातो. कारण त्यातून कळत नाही. त्याच्या आसपास व्हीआ लॉगरची नोंद आहे का ते बघा, ती प्रोसेसर किंवा बोर्डच्या बाजूने आलेली तक्रार असते.

वॉल्टबाब · ७:४०

ताई, मी तीस वर्षं वायरिंगच्या कामात आहे. भार चढला की बंद पडतं म्हणजे वीज कमी पडते, साधं गणित आहे.

सुरंगी · ७:४६

भार चढल्यावर पडतं असं त्यांनी कुठे लिहिलंय? आणि एसएमपीएसमुळे डीरॅमचा दिवा पेटून का राहील? मल्टिमीटर असेल तर चालू मशीनच्या मोकळ्या मोलेक्स पिनवर (एसएमपीएसमधून येणारा चार पिनांचा प्लग) पिवळी आणि काळी वायर मोजा. ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये असेल तर निदान वरवर तरी ठीक आहे.

पाटो_पॉइंट · ७:५९

ग्राफिक्स कार्ड काढून ऑनबोर्ड डिस्प्लेवर चालवून बघ. चाललं तर कार्ड खराब.

जुनाहात · ८:०३

रायझन ५ ५६०० ला ऑनबोर्ड ग्राफिक्स नसतं, ५६००जी ला असतं. कार्ड काढलं तर स्क्रीन काळीच राहणार आणि हा बिचारा आणखी घाबरणार.

पाटो_पॉइंट · ८:०५

बरं. मग बायॉस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कर, माझ्या बी४५० वर रॅमचे सगळे त्रास त्यानेच गेले.

जुनाहात · ८:०९

अजिबात नको! जे मशीन कधीही रिस्टार्ट होतं त्यावर बायॉस अपडेट करायला बसलास आणि अर्ध्यात ते पडलं, तर आज नसलेला दोष उद्या कायमचा लागेल. आधी स्थिर होऊ दे. कुळागर, सगळ्यात आधी शूट केलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर घे. लिहिताना मशीन पडलं तर फाइल खराब होऊ शकते. चवथीच्या आरत्या परत शूट करता येणार नाहीत.

कुळागर · ८:२१

कॉपी काल रात्रीच केली, कॅमेऱ्यांची मूळ कार्डंही पुसलेली नाहीत. माणसाला पैसे दिले नाहीत, तो गेला. बारा व्होल्ट मोजलं, १२.०८ येतंय. व्हीआ एकही नाही.

वॉल्टबाब · ८:३४

मग अर्थिंग बघ. तुझ्या बाजूला जांभा दगड आहे ना? जांभ्यात अर्थिंगचा खड्डा नीट भरला नाही तर तो लगेच सुका पडतो. मीटरचं एक टोक न्यूट्रलला, दुसरं अर्थला लाव, दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर गडबड आहे. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का?

शेवंती_डिचोली · ८:४१

माझ्या एसएमपीएसमध्ये तांबड्या मुंग्यांनी घर केलं होतं, चालू केला की वास यायचा. कुळागराजवळ (सुपारी-माडांच्या बागेजवळ) घर असेल तर ते पण उघडून बघा. आमच्याकडे एकदा पाल सापडली होती, वाळलेली. तेव्हापासून मी मागच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा लावते.

कुळागर · ८:५२

मुंग्या नाहीत. पण हो, झिणझिण्या येतात, चप्पल नसेल तर जास्त. नवीन कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूंना हात लागला की.

जुनाहात · ८:५५

नवीन कॅबिनेट? हे कधी आलं?

कुळागर · ९:०१

चवथीआधी घराला रंग दिला तेव्हा. जुन्याचा पत्रा खालून गंजला होता. पार्ट सगळे तेच आहेत, फक्त पेटी बदलली, म्हणून लिहिलं नाही. आणि रंगाच्या दिवसांत पीसी बंदच होता, चवथीनंतर लावला.

जुनाहात · ९:१२

बाबा रे, हेच मी काल रात्रीपासून विचारतोय! म्हणजे बोर्ड काढून परत बसवलास, आणि त्यानंतर वापर सुरू केल्यापासून त्रास आहे. ते पितळी स्टँडऑफ, ज्यांवर बोर्ड बसतो, ते किती लावलेस? मोठ्या कॅबिनेटच्या पत्र्याला एटीएक्स, मायक्रो एटीएक्स, मिनी आयटीएक्स अशा सगळ्या आकारांच्या बोर्डांसाठी भोकं पाडलेली असतात. तुझ्या बोर्डला जिथे भोक नाही तिथे एखादा जास्तीचा राहिला असेल तर तो थेट बोर्डच्या पाठीला टेकतो. पाठीवर सोल्डरचे ठिपके असतात आणि स्टँडऑफ कॅबिनेटला म्हणजे ग्राउंडला जोडलेला असतो. पूर्ण टेकला तर मशीन चालूच होत नाही. केसाएवढं अंतर असेल तर बोर्ड तापून जरा वाकला, केबल ओढली गेली, टेबल हललं, की लागतो आणि सुटतो. तुझी सगळी लक्षणं तशीच आहेत.

वॉल्टबाब · ९:२०

अर्थिंग सोडू नका. झिणझिण्या येणं नॉर्मल नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रल दोघांकडून पेटीला जोडलेले असतात. अर्थ तुटला की पेटीवर जवळजवळ निम्मा व्होल्टेज तरंगतो. करंट बारीक असतो, पण ते तसं ठेवायचं नसतं.

सुरंगी · ९:२८

दोन्ही खरं आहे, पण आधी बोर्ड. मेन स्विच बंद, वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि तिथेच चालवून बघा: प्रोसेसर, कूलर, कार्ड आणि रॅमची एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. चंदेरी अँटीस्टॅटिक पिशवीवर ठेवून चालू करू नका, तिच्यातून वीज थोडीफार वाहते. खोक्यावर नीट चालला आणि पेटीत नाही, तर दोष पेटीचा.

घुमटवेडो · ९:४५

विषयांतर, पण राहवत नाही. पाच पथकं म्हणजे मोठं काम आहे. घुमटाला कातडं कसलं आहे सगळ्यांकडे? पूर्वी घोरपडीचं असायचं, त्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचं. आवाजात फरक पडतो म्हणतात, मला तर नीट तापवलेलं बकऱ्याचं कातडंही तितकंच खोल वाटतं. २०१९ साली गोव्याने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. अशी रेकॉर्डिंग जपून ठेवायला हवीत. जमलं तर घुमट आणि शामेळाचा (सोबत वाजणाऱ्या ढोलाचा) वेगळा ऑडिओ ट्रॅकही ठेव.

कुळागर · १०:०२

सगळ्यांकडे बकऱ्याचंच आहे. ऑडिओ वेगळा घेतलाय, काळजी नको. आता बोर्ड काढायला घेतो. आज शाळेतून रजा टाकलीय.

मांडवीकाठ · १०:१५

काढलाच आहेस तर खोडरबर फिरवून घे.

कुळागर · दुपारी १:३८

सापडला.

बोर्डला भोकं आठ, खाली स्टँडऑफ नऊ. काही कॅबिनेटला आधीच लावलेले होते, बाकीचे पुडीतले मी लावले, आणि एक मीच चुकीच्या भोकात लावला. घाईत मोजले नाहीत. तो बरोबर रॅमच्या स्लॉटमागे येत होता. बोर्ड उलटा करून खिडकीच्या उजेडात तिरका धरला तर तिथे हिरव्या लेपावर तांदळाच्या कणीएवढा ओरखडा आहे, आणि शेजारच्या सोल्डरच्या दोन ठिपक्यांची टोकं बसून चकचकीत झालीत. स्टँडऑफच्या डोक्यावरही राखाडी डाग आहे. भिंगातून बघितलं, ट्रेस (बोर्डवरची तांब्याची रेघ) तुटलेली दिसत नाही.

खोक्यावर एका पट्टीने चालू केला, पहिल्या दाबात डिस्प्ले आला. आठ वेळा बंद-चालू केला, आठही वेळा आला. आता चारही पट्ट्या लावून मेमटेस्ट ८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावलंय.

जुनाहात · १:५१

शाब्बास. बोर्ड वाचला हे नशीब, असल्या शॉर्टने बोर्डबरोबर रॅमही जाते. एक्सएमपी बंद ठेव आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ दे, फुकटच्या आवृत्तीत तेवढ्याच मिळतात. एकही एरर आली तरी पट्टी ठीक समजायची नाही.

सुरंगी · २:०४

आणि चार पट्ट्यांवर ३२०० चा हट्ट नको. या प्रोसेसरला चार सिंगल रँक (चिपांचा एकच संच असलेल्या) पट्ट्यांसाठी एएमडीने २९३३ दिलंय, ड्युअल रँक असतील तर २६६७. वर्षभर चालल्या ते ठीक, पण त्या स्लॉटला आता मार बसलाय. रविवारपर्यंत एक्सएमपी बंद असतानाच्या २१३३ वरच राहा, रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल.

कुळागर · शुक्रवार, सकाळी ६:१०

चार फेऱ्या, शून्य एरर. रात्रीच बोर्ड पेटीत बसवला, स्टँडऑफ आठच, दोनदा मोजले. स्क्रू आधी सगळे अर्धे, मग आडवे-तिडवे कसले. २१३३ वर ठेवलाय. पहाटे चारला पहिल्या पथकाचं रेंडर लावलं. केबल हलवून बघितली, टेबलाला हलका धक्का दिला, पडला नाही.

जुनाहात दादा, सुरंगी ताई, देव बरें करूं. कॅबिनेट बदललंय हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. कोणाचा पीसी पेटी बदलल्यावर असा वागत असेल तर आधी बोर्ड उलटा करून बघा, मग दुकानात जा.

वॉल्टबाब · ६:४०

छान झालं. पण झिणझिण्या गेल्या का?

कुळागर · ६:५२

नाही, अजून येतात. न्यूट्रल-अर्थ मोजलं, ३८ व्होल्ट दाखवतोय. सोमवारी वायरमन येणार आहे, तोवर पायात रबरी चप्पल घालूनच बसतो.

वॉल्टबाब · ७:०५

३८ म्हणजे अर्थ कुठेतरी सुटलाच आहे. सोमवार लांब आहे, चप्पल हा उपाय नव्हे. घरात पोरंबाळं असतील तर त्यांना त्या पेटीच्या आसपास फिरकू देऊ नकोस. खड्ड्याची वायर घरातल्या विजेच्या बोर्डापाशी तुटलीय का खड्ड्यातल्या नळीपाशी ते आजच बघून घे, आणि फोटो टाक.

कुळागर · ७:३०

खड्डा मागच्या माडाखाली आहे, उजाडलंय, जाऊन बघतो. रेंडर ६१ टक्के.