विजेच्या अपघातांचे चौकशी अहवाल ग्रामसभेत वाचावेत का?

धागाकर्ता (तासगाव)
व्हिएन्नाचे डॉक्टर श्टेफान येलिनेक यांनी विजेच्या धक्क्याने जळालेले कपडे, वितळलेली उपकरणे आणि जखमांच्या मेणाच्या प्रतिकृती जमवून संग्रहालय उभे केले आणि १९३१ साली १३२ चित्रांचे पुस्तक काढून, धक्का नेमका कसा बसतो हे सामान्य माणसाला दाखवले. आपल्याकडे वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ नुसार अपघाताची सूचना देणे बंधनकारक आहे. त्यात जनावराचा मृत्यूही येतो आणि जीव जाऊ शकला असता असा प्रसंगही. विद्युत निरीक्षक चौकशी करतात, मात्र ज्या शिवारात माणूस गेला तेथील लोकांपर्यंत कारण पोहोचत नाही. हे अहवाल नावे वगळून ग्रामसभेत वाचावेत, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (कराड)
मी असहमत आहे. अहवालात 'ओल्या हाताने स्टार्टरला स्पर्श' एवढे लिहिले की दोष मृताच्या माथी बसतो. मोटारीला अर्थिंग का नव्हते आणि उसाला पाणी द्यायला त्याला रात्रीच का जावे लागले, हे कोणी विचारत नाही. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी स्वयंसेवकांवर मोजमाप करून दाखवले की सुमारे १६ मिलिअँपिअर प्रवाहातच सरासरी पुरुषाचा हात तारेवरून सुटत नाही. अशा क्षणी वाचलेला अहवाल आठवून उपयोग नाही. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला क्षणार्धात वीज तोडणारा आरसीसीबी प्रत्येक पंपाला लागला पाहिजे. पैसा तिकडे जावा.

धागाकर्ता
गळती होताच वीज तोडणारे डाल्झील यांचे उपकरणही मोजमापांच्या नोंदींतूनच उभे राहिले ना? अर्थिंगचा प्रश्न गावाने विचारावा म्हणूनच अहवाल उघड हवा.

उत्तर (वाळवा)
नावे वगळली तरी गावात माणूस ओळखू येतोच. आमच्या भावकीतील एक जण पंपावर गेला, तेव्हा भरपाईचा दावा चालू असतानाच 'त्यानेच आकडा टाकला होता' अशी कुजबुज सुरू झाली आणि वहिनींना ती दारात ऐकावी लागली. हे जाहीर वाचन त्या घरावर दुसरा घाव ठरेल.

धागाकर्ता
ताई, आपला आक्षेप रास्त आहे. मग दावा निकाली निघाल्यावर, आणि तोही त्याच गावात नव्हे तर तालुक्यातील इतर गावांत वाचावा.

उत्तर (कराड)
तरीही माझी अट कायम आहे: अर्थिंगचे मोजमाप, तारेची जमिनीपासूनची उंची आणि फ्यूजची स्थिती नोंदवली नसेल, तर तो अहवाल वाचूच नये, निरीक्षकांकडे परत पाठवावा.