मदत हवी आहे: एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू, घड्याळ-वायफाय-हेडफोन तिन्हींचा घोळ

लेथवाला_उद्यमनगर

मंडळी नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. लॅपटॉप एकच, वापरणारे दोघं. दिवसा मी विंडोज ११ वर ड्रॉइंग आणि बिलं-चलनं करतो. संध्याकाळी पुतण्या त्याच मशीनवर उबंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) लावून बसतो, त्याचं कॉलेजचं प्रोजेक्ट त्यात आहे. दोन्ही सिस्टिम वेगळ्या पार्टिशनवर, 'डी' ड्राइव्ह मात्र सामाईक.

दोन्ही व्यवस्थित सुरू होतात, पण एकीचं काम करून दुसरीत गेलं की काही ना काही बिघडलेलं असतं. परवा संध्याकाळी सहा दहाला शिरोलीचा टेम्पो भरून उभा, आणि चलनावर वेळ छापून आली १२:४०. ड्रायव्हर म्हणतोय, "मालक, दुपारचं चलन घेऊन नाक्यावर काय सांगू?" हातानं वेळ दुरुस्त केली, चलन परत काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुतण्याचं रडगाणं वेगळं. उबंटूत कधी कधी वायफायचं कार्डच दिसत नाही. नेटवर्क बंद आहे असं नाही, यादीत कार्डच नसतं. अशा वेळी त्याचं घड्याळ पुढं पळालेलं असतं, संध्याकाळी सातला बसला तर उद्याची तारीख. प्रोग्राम कंपाइल करताना 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड', म्हणजे वेळ जुळत नाही, असं काहीतरी येतं म्हणे. शिवाय 'डी' ड्राइव्हवर फाइल वाचता येते, सेव्ह होत नाही.

आणि ब्लूटूथचा हेडफोन. विंडोजला जोडला की उबंटूत चालत नाही, तिकडं जोडला की इकडं नाही. रोज काढा, परत जोडा.

राजारामपुरीत एका दुकानात दाखवला. ते म्हणाले, बायोसचा सेल बदलू, नाहीच जमलं तर फॉरमॅट मारून एकच सिस्टिम ठेवा. एक मित्र म्हणतो सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टिम खात्रीची आहे का तपासणारं बायोसमधलं सेटिंग) बंद कर. फॉरमॅट करायचा नाही, सगळी ड्रॉइंग त्यात आहेत. नेमकं कुठं हात घालायचा?

दुपारचा_चहा

सेल गेलाय दादा. माझ्या जुन्या डेस्कटॉपला असंच व्हायचं. सीआर २०३२ नावाचा चपटा सेल मिळतो, पन्नासेक रुपयाच्या आत काम होतं.

बूटलोडर

सेल नाही. सेल गेला तर घड्याळ कुठल्या तरी जुन्याच तारखेला जाऊन बसतं, आणि चार्जर-बॅटरी काढल्यावर हमखास. इथं आकडा बघा ना: सहा दहाचे बारा चाळीस, म्हणजे बरोब्बर साडेपाच तास मागं. पुतण्याकडं साडेपाच तास पुढं. साडेपाच तास म्हणजे आपली भारतीय वेळ आणि यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, यांतला फरक. सेल इतका हिशेबी नसतो.

मदरबोर्डवर घड्याळ एकच. विंडोज त्यात स्थानिक वेळ लिहितं आणि स्थानिक समजूनच वाचतं. लिनक्स त्यात यूटीसी आहे असं धरून चालतं. पुतण्यानं रात्री उबंटू बंद केलं की घड्याळात यूटीसी लिहिली जाते, सकाळी तुमचं विंडोज ती भारतीय वेळ म्हणून वाचतं. उलट दिशेनं गेलं की उबंटू त्यात आणखी साडेपाच मिळवतं. म्हणूनच संध्याकाळी साडेसहानंतर तारीखच उडी मारते. नेट असलं तर उबंटू स्वतःच वेळ दुरुस्त करून घेतं, पण तुमचं वायफाय गायब असतं तेव्हा ते कुठून विचारणार? म्हणजे या दोन तक्रारी एकमेकांत अडकल्या आहेत.

एक सांगा. रात्री लॅपटॉप कसा बंद करता? आणि विंडोजमधून उबंटूत जाताना शट डाउन करून जाता की रिस्टार्ट?

लेथवाला_उद्यमनगर

मी काम संपलं की शट डाउन करतो. पुतण्या आला की बटण दाबून उबंटू निवडतो. त्याला आत्ता विचारलं. तो म्हणतो, मी समोर असताना रिस्टार्ट मारून त्याच्या हातात दिला की वायफाय असतं. त्याला वाटायचं योगायोग आहे.

बूटलोडर

योगायोग नाही, सापडलं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे. शट डाउन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते, उद्या लवकर उठता यावं म्हणून. रिस्टार्टला मात्र खरंखुरं बंद होऊन नव्यानं सुरू होतं. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

त्यामुळं शट डाउननंतर वायफायचं कार्ड विंडोजनं अर्धवट झोपवलेल्या स्थितीत राहू शकतं. उबंटूचा ड्रायव्हर येऊन हाक मारतो, कार्ड ओ देत नाही. 'डी' ड्राइव्हचंही मूळ तेच. विंडोजच्या हिशेबी ती फाइल सिस्टिम अजून उघडी आहे, म्हणून उबंटू तिला फक्त वाचण्यापुरतं हात लावतं. ही अडवणूक तुमच्या भल्याची आहे. नेटवर 'रिमूव्ह हायबरफाइल' असा पर्याय वापरून जबरदस्तीनं ड्राइव्ह उघडायचा सल्ला सापडेल, तो मुळीच घेऊ नका. झोपलेल्या विंडोजनं जपून ठेवलेलं त्यानं पुसलं जातं, आणि ड्रॉइंग तुमची आहेत.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथं वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर टिचकी मारल्याशिवाय खालचे चौकोन उघडत नाहीत, बहुतेक जण इथंच अडकतात. मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढा, सेव्ह करा आणि एकदा पूर्ण शट डाउन करा. विंडोज सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल, एवढाच तोटा. आणि उबंटूत जायचं असेल तेव्हा विंडोज हायबरनेटही करायचं नाही, त्याचा परिणाम हाच होतो.

पंचगंगाकाठ

घड्याळाचं माझ्याकडून. सोपा मार्ग उबंटूच्या बाजूनं. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा द्या, इंग्रजी अक्षरांत अर्थात. मग उबंटूही घड्याळात स्थानिक वेळच धरतं. विंडोजला हातच लावायचा नाही.

बूटलोडर

मी याच्या विरुद्ध आहे. ही आज्ञा दिली की उबंटू स्वतःच इशारा देतं की या पद्धतीला पूर्ण आधार नाही. विंडोजला यूटीसी शिकवणं जास्त बरं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइमझोन इन्फर्मेशन इथं जायचं. 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाचं डीवर्ड (आकडा ठेवणारी नोंद) करायचं, नाव सलग, मधे स्पेस नाही, किंमत १.

पंचगंगाकाठ

इशारा बरोबर आहे, पण तो कशासाठी आहे ते वाचा. टाइमझोन बदलणं आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करणं, यात दोन्ही सिस्टिम आपापल्या परीनं वेळ बदलून गोंधळ घालतात म्हणून. भारतात ती भानगडच नाही, आणि लेथवाल्यांचा लॅपटॉप उद्यमनगर सोडून कुठं जाणार? धंद्याच्या मशीनवर रजिस्ट्री उघडायला सांगण्यापेक्षा हे परवडलं. फक्त दोन्हीकडं एकदम बदल करू नका ओ, नाहीतर दोघं जागा बदलून परत साडेपाच तास लांब.

बूटलोडर

बरं, मान्य. या केसमध्ये चालेल.

लेथवाला_उद्यमनगर

दोन्ही केलं. फास्ट स्टार्टअपची खूण काढली, पुतण्यानं ती आज्ञा दिली. मग विंडोजमध्ये वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' केलं. काल शट डाउन करूनच त्याला दिला. वायफाय आहे, 'डी' वर सेव्ह होतंय, आज सकाळच्या चलनावर वेळ बरोबर. सेलचे पैसे वाचले. सिक्युअर बूट अजून बंद केलेलं नाही, करू का?

बूटलोडर

कशाला? तुमच्या एकाही तक्रारीशी त्याचा संबंध नाही. उलट विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असेल आणि बायोसमध्ये असला बदल केला, तर सुरू होताना बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती कुठं आहे हे माहीत नसेल तर दिवस वाया. तसंच कुणी 'रेड काढून एएचसीआय कर' (डिस्क चालवायच्या बायोसमधल्या दोन पद्धती) म्हणालं तरी बायोसला हात नको. उबंटूला डिस्क दिसतेय, विषय संपला. तयारी न करता ते बदललं तर विंडोज निळा स्क्रीन दाखवून बसतं. की मात्र आजच मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का बघून कागदावर उतरवून ठेवा.

ताराराणी_चौक

हेडफोन राहिला. त्यात बिघाड काही नाही. जोडणी करताना लॅपटॉप आणि हेडफोन मिळून एक गुप्त की ठरवतात. हेडफोन ती लॅपटॉपच्या ब्लूटूथ पत्त्यावर लिहून ठेवतो, आणि पत्ता चिपचा असल्यामुळं दोन्ही सिस्टिमचा एकच. उबंटूनं नवीन की ठरवली की विंडोजची जुनी पुसली जाते. एकाच खोलीचं कुलूप दोन भाडेकरू आळीपाळीनं बदलतायत असं समजा.

उपाय म्हणजे दोघांकडं एकच की. आधी उबंटूत जोडा, मग विंडोजमध्ये जोडा, आणि त्यानंतर उबंटूत परत जोडू नका. आता विंडोजची की उबंटूत आणायची. विंडोजमध्ये ती रजिस्ट्रीत 'बीटीएचपोर्ट' च्या पॅरामीटर्सखाली 'कीज' मध्ये असते, पण साध्या अ‍ॅडमिनला दिसत नाही. पुतण्याला सांगा, उबंटूत 'सीएचएनटीपीडब्ल्यू' नावाचं पॅकेज टाकून विंडोजची सिस्टिम रजिस्ट्री फाइल फक्त वाचायची, लिहायची नाही. ('सी' एन्क्रिप्टेड असेल तर हे उबंटूतून सरळ जमणार नाही, विंडोजमधूनच सिस्टिम खात्यानं रजिस्ट्री उघडावी लागेल.) हेडफोनच्या पत्त्यासमोर १६ बाइट्स, म्हणजे ३२ अक्षरं मिळतील. उबंटूत ती 'व्हार', 'लिब', 'ब्लूटूथ' या फोल्डरात, लॅपटॉपच्या पत्त्याखाली हेडफोनचा पत्ता, त्यातल्या 'इन्फो' फाइलमध्ये 'लिंककी' खाली 'की=' पुढं टाकायची. कॅपिटल अक्षरांत, मधे स्पेस-स्वल्पविराम काही नको. मग ब्लूटूथची सर्व्हिस रिस्टार्ट.

हेडफोनला हे पुरतं. ब्लूटूथ माउसला एकाहून जास्त की असतात, काही माउस तर प्रत्येक जोडणीला स्वतःचा पत्ताच बदलतात. त्याच्या नादी लागू नका, यूएसबी डोंगलचा माउस घ्या. त्याची जोडणी डोंगलमध्येच राहते, सिस्टिम कुठलीही असो.

लेथवाला_उद्यमनगर

पुतण्यानं केलं, हेडफोन दोन्हीकडं आपोआप लागतोय. आमचा 'सी' एन्क्रिप्टेड नव्हता, तरी बायोसला हात लावत नाही. सगळ्यांचे आभार. कधी उद्यमनगरात आलात तर चहा आपल्याकडं.

दुपारचा_चहा

सेलचं माझं चुकलं, राहू दे. पण आता वाचून वाटतंय माझंही हेच असेल. डेस्कटॉपला विंडोज बंद करून लिनक्स लावलं की लॅनच्या पोर्टचा दिवाच लागत नाही. केबल बदलून झाली.

बूटलोडर

कार्ड रिअलटेकचं आहे का? आधी फास्ट स्टार्टअप काढा. तेवढ्यानं भागलं नाही तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून लॅन कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये 'शटडाउन वेक-ऑन-लॅन' चालू करा. ते बंद असलं की विंडोज जाताना कार्डाची पॉवरच काढून घेतं. आज रात्री तात्पुरतं हवं असेल तर मशीनचा प्लग काढून थोडा वेळ तसंच ठेवा, मग थेट लिनक्स लावा.