मदत हवी आहे: पेन एकीकडे, रेघ दुसरीकडे

प्रश्न
सातवीच्या वर्गात प्रोजेक्टरवर चालणारा इन्फ्रारेड डिजिटल फळा आहे. लॅपटॉपला विंडोज १०, सॉफ्टवेअर ओपनबोर्ड. पेन टेकवलं की रेघ चार बोटं उजवीकडे उमटते. दुपारी तीननंतर आपोआप ठिपके येतात. मधूनच स्पर्श बंद पडतो, चित्र मात्र स्वच्छ. कॅलिब्रेशन (पेनाची जागा चित्राशी जुळवणं) तीनदा केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फळा गेला समजायचं का? मुलांना नोट्स कशा द्याव्यात, तेही सांगा.

तारजोड
फळा गेलेला नाही. ही तीन वेगळी दुखणी आहेत, कॅलिब्रेशन त्यातल्या एकावरच चालतं.

आधी स्पर्श बंद पडण्याचं बघा. चित्र एचडीएमआयने जातं, स्पर्श यूएसबीने. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर. दोन केबली जोडून १० मीटर केल्या असतील तर स्पर्श तुटणारच. रिपीटर (सिग्नल पुन्हा जोमाने पुढे पाठवणारा भाग) असलेली ॲक्टिव्ह केबल घ्या.

ठिपके उन्हाचे. चौकटीच्या एका कडेचे एलईडी अदृश्य किरण सोडतात, समोरचे सेन्सर ते टिपतात. किरण अडला की फळा त्याला बोट समजतो. पश्चिमेचं ऊन थेट सेन्सरवर पडलं की त्याचा गोंधळ होतो. जाड पडदा लावा. चौकटीच्या आतली कड कोरड्या मऊ फडक्याने पुसा, खडूची धूळ तिथेच बसते. लिहिताना पदर किंवा बाही फळ्याजवळ लोंबली तरी रेघ उठते, तेव्हा सगळा दोष उन्हावर ढकलू नका.

प्रश्नकर्ती
केबल दोन तुकडे जोडूनच केलेली आहे! पण रेघ का सरकते? प्रोजेक्टर बाकावर असतो, तास संपला की कपाटात जातो.

तारजोड
मग तेच कारण. प्रोजेक्टर बोटभर हलला तरी चित्र सरकतं, चौकट जागेवरच राहते. रिझोल्यूशन बदललं तरी हेच होतं. प्रोजेक्टर १२८० × ८०० चा असेल तर लॅपटॉपही कायम तेवढ्यावरच ठेवा. आधी चित्र चौकटीत बसवा, कीस्टोन (तिरकं चित्र सरळ चौकोनी करणारं सेटिंग) लावा, मग कॅलिब्रेशन. उलट क्रमाने केलं तर मेहनत वाया.

खडूफळा
स्क्रीन 'एक्स्टेंड'वर, म्हणजे लॅपटॉप आणि फळा दोन वेगळे पडदे म्हणून असेल तर फळ्यावरचा स्पर्श लॅपटॉपच्या पडद्यावर उमटतो. कंट्रोल पॅनलमध्ये टॅबलेट पीसी सेटिंग्ज, तिथे सेटअप. सूचना फळ्यावर दिसली तर तिथे बोट टेकवा, लॅपटॉपवर दिसली तर एंटर दाबा.

नोट्ससाठी ओपनबोर्डमधून पीडीएफ काढा, पण यूबीझेड (ओपनबोर्डची स्वतःची) फाइलही जपा. पुढच्या वर्षी खोडून सुधारायची असेल तर तीच लागेल. पांढऱ्या पानावर पिवळं पेन वापरू नका, छापल्यावर दिसत नाही.

आणि बाकावर प्रोजेक्टरच्या पायांभोवती ऑइल पेंटने खुणा करा. खडूच्या खुणा पुसल्या जातात.